नवशिक्यासाठी आरामदायी रेग्युलेटर : निवड तोंडापासून सुरू करावी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : स्कूबाचा प्राथमिक अभ्यासक्रम नुकताच पूर्ण झाला आहे, भाड्याच्या रेग्युलेटरवर (सिलिंडरमधील हवा तोंडापर्यंत आणणारे यंत्र) प्रत्येक डाइव्हनंतर जबडा दुखतो, तोंड कोरडे पडते आणि पाण्याखाली हवा ओढून घ्यावी लागते असे वाटते. आता स्वतःचा रेग्युलेटर घ्यायचा आहे. तो पिस्टनचा असावा की डायफ्रामचा (सिलिंडरकडील भागाच्या या दोन रचना), बॅलन्स्ड (सिलिंडर रिकामा होत गेला तरी श्वास सारखाच देणारा) असणे आवश्यक आहे का, आणि महाग रेग्युलेटर घेतल्याने हा त्रास जाईल का?

या तीन तक्रारींची कारणे तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. जबडा दुखतो तो माउथपीस, सेकंड स्टेजचे (म्हणजे रेग्युलेटरच्या तोंडाशी येणाऱ्या भागाचे) वजन आणि नळीचा ताण यांमुळे. तोंड कोरडे पडते ते सिलिंडरमधील हवा कोरडी असते म्हणून, आणि हा त्रास काही अंशीच कमी करता येतो. हवा ओढावी लागते या तक्रारीत यंत्राचा दोष असू शकतो. परंतु बहुतेक वेळा ते यंत्र कसे जुळवले आहे आणि पाण्यात शरीर कोणत्या स्थितीत आहे, यावरच ती अधिक अवलंबून असते. पिस्टन की डायफ्राम हा वाद सोडवला, तरी या तिन्हींपैकी एकही तक्रार दूर होत नाही. म्हणून निवड करताना तोंडापासून सुरुवात करून सिलिंडरकडे जावे, असे माझे मत आहे. विक्रेत्याशी होणारी चर्चा सहसा सिलिंडरच्या बाजूने सुरू होते आणि तोंडापर्यंत येण्याआधीच संपते.

माउथपीस हा संपूर्ण संचातील सर्वांत स्वस्त भाग आहे, आणि आराम मात्र सर्वाधिक त्याच्यावरच अवलंबून असतो. नवशिके पाणबुडे तो दातांनी घट्ट चावून धरतात. प्रत्यक्षात पाणी अडवण्याचे काम ओठांचे असते. दातांमधल्या दोन पट्ट्या केवळ तो जागेवर राहावा एवढ्यासाठी असतात, आणि त्यांवर अगदी हलका दाब पुरेसा असतो. भाड्याच्या रेग्युलेटरवर या पट्ट्या अनेकांच्या दातांखाली झिजून आखूड झालेल्या असतात, त्यामुळे त्या निसटू नयेत म्हणून आपण नकळत आणखी जोराने चावतो, आणि पाऊण तासाच्या डाइव्हमध्ये जबड्याचे स्नायू थकून जातात. माउथपीस फार रुंद असेल तर ओठांचे कोपरे ताणले जातात, फार अरुंद असेल तर पट्ट्या दाढांपर्यंत पोहोचत नाहीत आणि सगळा भार पुढच्या दातांवर येतो. लहान चेहऱ्याच्या व्यक्तींसाठी लहान मापाचे माउथपीस मिळतात. गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांच्या ठशाप्रमाणे घडवता येणारे प्रकारही आहेत, आणि ज्यांचा जबडा लवकर दुखतो त्यांना मी आधी तेच वापरून पाहायला सांगतो. टाळूला टेकणारा आडवा पूल असलेले माउथपीस काहींना फार सोयीचे वाटतात, कारण त्यांत चावण्याची गरज जवळजवळ उरत नाही; परंतु ज्यांना घशाशी काही आले की उमळते, त्यांनी ते टाळावेत.

माउथपीस बदलण्यासाठी नवा रेग्युलेटर विकत घेण्याची गरज नाही. तो एका प्लॅस्टिकच्या पट्ट्याने आवळलेला असतो आणि बहुतेक सेकंड स्टेजवर एकाच प्रकारचा लंबगोल माउथपीस बसतो. काही मोजक्या मॉडेलांचा आकार मात्र वेगळा असतो, म्हणून आधी खात्री करावी. स्वतःचा माउथपीस बाळगून तो पुढील काही डाइव्हमध्ये भाड्याच्या रेग्युलेटरवर लावून घ्यावा, आणि पट्टा घट्ट बसला आहे हे पाण्यात उतरण्यापूर्वी ओढून पाहावे. एवढ्यानेच दुखणे थांबले तर मोठ्या खर्चाचा निर्णय घाई न करता घेता येतो. डाइव्ह नसलेल्या दिवशीही जेवताना किंवा जांभई देताना जबडा दुखत असेल, तर दंतवैद्याला दाखवावे. दातांना तारा लावलेल्या किंवा कवळी वापरणाऱ्या व्यक्तींनीही माउथपीस निवडण्यापूर्वी त्यांचा सल्ला घेणे इष्ट.

यानंतर वजन आणि नळी. हलक्या सेकंड स्टेज २०० ग्रॅमच्या आत असतात, जड धातूच्या २५० ग्रॅमच्या पुढे जातात. पाण्यात हा फरक बराच कमी होतो, त्यामुळे हातात धरून केलेली तुलना थोडी फसवी असते. माझ्या अनुभवात वजनापेक्षा नळीचा ताण अधिक त्रास देतो आणि तो कोणाच्याही लक्षात येत नाही. सेकंड स्टेजची नळी साधारण ७० ते ७५ सेंटीमीटर लांबीची असते आणि उजव्या खांद्यावरून येते. रुंद खांद्यांच्या व्यक्तीला ती अपुरी पडते आणि डावीकडे पाहताना माउथपीस तोंडातून उजवीकडे ओढला जातो. लहान चणीच्या व्यक्तीला तीच नळी जास्त होते, बाहेरच्या बाजूला मोठी कमान करते आणि पाण्याच्या प्रवाहात सेकंड स्टेजला वाकडे करत राहते. दोन्ही परिस्थितींत जबडा ती ओढ सतत सावरत असतो. जबड्याची एकच बाजू दुखत असेल, तर माउथपीसआधी नळीवर संशय घ्यावा. आपल्या मापाची नळी बसवणे किंवा सेकंड स्टेजजवळ फिरता सांधा जोडणे, असे दोन उपाय आहेत. फिरत्या सांध्यामुळे डोके वळवणे सहज होते. मात्र त्यात आणखी एक ओ-रिंग (हवा गळू नये म्हणून सांध्यात बसवलेले रबरी कडे) येते आणि प्रत्येक सर्व्हिसिंगमध्ये तिच्याकडे लक्ष द्यावे लागते.

विणलेले आवरण असलेल्या लवचीक नळ्या रबरी नळ्यांपेक्षा हलक्या असतात आणि तोंडावर कमी ओढ आणतात, म्हणून त्या लोकप्रिय आहेत. त्यांपैकी काहींचा आतील थर कालांतराने, विशेषतः उष्ण व दमट हवेत, विघटित होऊन हवेच्या मार्गात घन पदार्थ जमल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत. अशी नळी बाहेरून चांगली दिसली तरी उत्पादकाने दिलेल्या मुदतीत बदलावी.

उच्छ्वासाचे बुडबुडे बाहेर सोडणारे दोन्ही बाजूंचे तोंड रुंद असेल तर बुडबुडे चेहऱ्यापासून दूर जातात आणि दृष्टी मोकळी राहते; अरुंद असेल तर सेकंड स्टेज आटोपशीर होते, पण बुडबुडे मास्कसमोरून जातात. छायाचित्रण करणाऱ्यांना हे महत्त्वाचे वाटते, नवशिक्याला क्वचितच.

तोंड कोरडे का पडते याचे कारण सरळ आहे. सिलिंडर गंजू नये आणि रेग्युलेटरच्या आत बर्फ होऊ नये, म्हणून कॉम्प्रेसरमध्ये हवेतील बाष्प जवळजवळ पूर्णपणे काढून टाकतात. सेकंड स्टेजच्या आत धातूचा भाग असेल, तर आपल्या उच्छ्वासातील ओलावा त्या थंड पृष्ठभागावर दवासारखा साचतो आणि त्यातील थोडा पुढच्या श्वासाबरोबर परत येतो. म्हणून धातूच्या सेकंड स्टेजवर कोरडेपणा किंचित कमी जाणवतो, हा अनुभव काल्पनिक नाही. तथापि केवळ त्यासाठी जड सेकंड स्टेज घ्यावी असे मी सुचवणार नाही. घाईघाईने श्वास घेणारा पाणबुडा संथ श्वास घेणाऱ्याच्या दुप्पट कोरडी हवा तोंडातून सहज नेतो. सराव वाढला की ही तक्रार आपोआप निम्म्यावर येते. डाइव्हपूर्वी पुरेसे पाणी पिणे मात्र सोडू नये.

आता हवा ओढावी लागण्याच्या तक्रारीकडे येतो, कारण खर्चाचा निर्णय प्रत्यक्षात याच मुद्द्यावर होतो. रेग्युलेटर दोन टप्प्यांत काम करतो. फर्स्ट स्टेज सिलिंडरमधील सुमारे २०० बारचा दाब उतरवून तो सभोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक, अशा मधल्या दाबावर आणते. सेकंड स्टेजमध्ये रबरी पडदा असतो. आपण श्वास आत घेतला की पडद्यामागचा दाब घटतो, पडदा आत झुकतो, त्याखालील दांडी दाबली जाते आणि व्हॉल्व्ह उघडून हवा येते. व्हॉल्व्ह उघडण्यासाठी लागणारी ही सुरुवातीची ओढ पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात. चांगल्या स्थितीतील आणि नीट जुळवलेल्या सेकंड स्टेजमध्ये ती साधारण अडीच ते चार सेंटीमीटर असते.

श्वास जड वाटण्याचे पहिले कारण शरीराची स्थिती; त्यासाठी यासोबत एक दुसरा आकडा लक्षात घ्यावा. पाण्यात उभे असताना तोंडातील सेकंड स्टेज फुप्फुसांच्या मध्यभागापेक्षा वीतभर तरी वर असते. रेग्युलेटर पडद्याच्या पातळीवरील दाबाने हवा देतो, छातीवर मात्र वीतभर खालच्या पाण्याचा अधिक दाब असतो, आणि हा फरक श्वसनाच्या स्नायूंना भरून काढावा लागतो. पोटावर आडवे झाले की दोन्ही जवळपास एका पातळीत येतात आणि तोच रेग्युलेटर एकदम हलका वाटू लागतो. पाठीवर वळलो की पुन्हा जड वाटतो. म्हणजे दोन मॉडेलांमधील एक-दीड सेंटीमीटरच्या फरकासाठी मोठी रक्कम मोजण्याआधी, आपण पाण्यात उभ्याने पाय मारत पोहतो का, हे पाहणे अधिक फलदायी आहे. नवशिके बहुधा तसेच पोहतात, कारण वजनाचे पट्टे आणि तरंगण्याचा समतोल अजून जमलेला नसतो.

दुसरे कारण अपुरा उच्छ्वास. पाण्याखाली भीतीपोटी माणूस पूर्ण श्वास बाहेर न सोडता वरवर हवा घेत राहतो, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि हवा कमी पडते आहे अशी तीव्र जाणीव होते. अशा वेळी कोणताही रेग्युलेटर अपुराच वाटेल. थांबावे, हालचाल बंद करावी, श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडावा, आणि मग रेग्युलेटरबद्दल मत बनवावे.

तिसरे कारण खरोखर यंत्राकडचे आहे. भाड्याने देण्याचे रेग्युलेटर मुद्दाम थोडे घट्ट जुळवलेले असतात, कारण फार संवेदनशील सेकंड स्टेज पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडातून सुटली आणि उलटी झाली की धो-धो हवा सोडू लागते, आणि नवशिक्यांच्या गटात ते कोणालाच नको असते. काही सेकंड स्टेजवर एक गोल बटण असते, ते आत फिरवले की सुरुवातीची ओढ वाढते. शिवाय एक छोटी कळ असते, ती उणे खुणेकडे असेल तर हवेच्या झोताचा पडद्याला मिळणारा आधार तुटतो. पाण्यात उतरल्यावर ही कळ अधिक खुणेकडे करायची राहून गेली, म्हणून संपूर्ण डाइव्ह जड श्वासाने केलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. यांपेक्षा गंभीर शक्यता म्हणजे सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नसणे किंवा फर्स्ट स्टेजच्या तोंडावरील गाळणी तुंबलेली असणे. उतरण्यापूर्वी दाबमापकाकडे पाहत तीन-चार खोल श्वास घ्यावेत. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल, तर कारण सापडल्याशिवाय पाण्यात जाऊ नये.

एवढे सगळे वगळले, की यंत्राची मूळ क्षमता उरते, आणि तिच्याबद्दल नवशिक्याने फारशी चिंता करू नये. युरोपीय मानक ईएन २५० नुसार रेग्युलेटरची चाचणी ५० मीटर खोलीइतक्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर हवा, म्हणजे अडीच लिटरचे २५ श्वास, या वेगाने होते, आणि श्वसनासाठी लागणारे कार्य लिटरमागे ३ ज्यूलपेक्षा अधिक असता कामा नये. निवांत पोहणारा पाणबुडा याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच हवा घेतो. प्राथमिक प्रमाणपत्रावरील नेहमीची १८ मीटरची मर्यादा धरली, तर तिथे हवेची घनता पृष्ठभागाच्या २.८ पट असते. ५० मीटरवर ती सहापट होते. त्यामुळे हे मानक पूर्ण करणारा आणि नीट सांभाळलेला साधा रेग्युलेटरही आपल्या गरजेच्या कितीतरी पुढे असतो.

आता फर्स्ट स्टेज. अनबॅलन्स्ड पिस्टनच्या रचनेत हलणारा मुख्य भाग एकच असतो. ती स्वस्त, टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपी असते. स्कूबाप्रोची एमके २ हे तिचे सुपरिचित उदाहरण. तिची मर्यादा अशी की सिलिंडर रिकामा होत जातो तसा मधला दाबही थोडा घसरतो आणि डाइव्हच्या शेवटी श्वास किंचित जड होतो. बॅलन्स्ड रचनेत व्हॉल्व्हवर सिलिंडरच्या दाबाचा परिणाम होऊ दिला जात नाही, म्हणून पहिला आणि शेवटचा श्वास सारखाच वाटतो. हा फरक सर्वाधिक जाणवतो तो सिलिंडर संपत आलेला असताना दोघे जण एकाच फर्स्ट स्टेजवर श्वास घेत असतील तेव्हा, आणि तो प्रसंग आरामाचा नसून सुरक्षिततेचा असतो. त्यामुळे परवडत असेल तर बॅलन्स्ड घ्यावा, असे मी सांगतो. परवडत नसेल तर उथळ पाण्यात डाइव्ह करण्यासाठी अनबॅलन्स्ड पिस्टन घेण्यात काहीही गैर नाही, उलट वाचलेल्या पैशांत चांगली सेकंड स्टेज आणि योग्य मापाची नळी बसते. डायफ्रामच्या फर्स्ट स्टेजचा मुख्य लाभ असा की ती पाण्यापासून सहज बंदिस्त करता येते आणि गाळ, वाळू, मीठ आतल्या स्प्रिंगपर्यंत जात नाही. १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यात उतरायचे असेल, तर अशी बंदिस्त आणि थंड पाण्यासाठी प्रमाणित केलेलीच फर्स्ट स्टेज घ्यावी, कारण प्रसरण पावणारी हवा स्वतःच थंड होते आणि आत बर्फ धरला की व्हॉल्व्ह उघडाच राहतो. उबदार पाण्यात पिस्टन आणि डायफ्राम यांतील फरक डोळे मिटून श्वास घेणाऱ्याला ओळखता येईल, असे मला वाटत नाही.

सिलिंडरला जोडण्याच्या दोन पद्धतींपैकी योक, म्हणजे व्हॉल्व्हवर बाहेरून बसवून मागच्या स्क्रूने आवळायची चौकट, अनेक ठिकाणी दिसतो. डिन प्रकारात रेग्युलेटर व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी घट्ट फिरवून बसतो आणि ओ-रिंग आत बंदिस्त राहते. आरामाच्या दृष्टीने एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : योकचा मागे आलेला गोल स्क्रू वर पाहताना डोक्याला लागतो, विशेषतः ज्यांची मान आखूड आहे किंवा ज्यांचा सिलिंडर उंच बांधलेला असतो त्यांना. डिन तिथे कमी जागा घेतो. डिन घेऊन सोबत योकचे अडॅप्टर ठेवले की दोन्ही प्रकारच्या सिलिंडरांवर काम भागते. अडॅप्टर लावल्यावर मात्र तो स्क्रू पुन्हा मागे येतोच.

विकत घेण्यापूर्वी रेग्युलेटर पाण्यात वापरून पाहण्याचा आग्रह धरावा. दुकानात कोरड्या जागेत माउथपीस चावून पाहता येतो, नळीची लांबी कळते, आणि फर्स्ट स्टेजचे झाकण बंद ठेवून हलके ओढल्यास हवा आत येते का, म्हणजे कुठे गळती आहे का, तेही समजते. पण पृष्ठभागावर घेतलेल्या दोन श्वासांवरून ‘किती हलका आहे’ असे म्हणणे निरर्थक आहे. जलतरण तलावात किमान अर्धा तास घालवावा. पोटावर, उभ्याने, पाठीवर आणि डोके खाली करून श्वास घ्यावा, आणि कोणत्या स्थितीत तोंडात पाणी झिरपते ते लक्षात ठेवावे. एक-दोन लांबी जोराने पोहून लगेच श्वासाकडे लक्ष द्यावे. या वेळी श्वास आत घेणे सोपे आणि बाहेर सोडणे कठीण, असे जाणवले तर तो रेग्युलेटर मी नाकारीन, कारण उच्छ्वासाचा विरोध जुळवणी करून कमी होत नाही. तो त्या व्हॉल्व्हच्या आकारातच असतो. हातमोजे घालणार असाल तर ते घालून पर्ज बटण (दाबले की हवा थेट सोडणारे) आणि गोल बटण चालवून पाहावे.

ऑक्टोपस, म्हणजे सोबत्यासाठीची राखीव सेकंड स्टेज, उरलेल्या पैशांत येईल ती घेऊ नये. ती घाबरलेल्या माणसाच्या तोंडात जाणार असते. साधारण ९० सेंटीमीटर ते एक मीटर लांबीची पिवळी नळी आणि कोणत्याही बाजूने सहज धरता येणारा माउथपीस असावा, आणि फर्स्ट स्टेजच्या उत्पादकाने त्या जोडीला मान्यता दिलेली असावी.

नाममुद्रा निवडताना जाहिरातीतील गुणांपेक्षा त्या कंपनीचे सुटे भाग आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ आपल्या आवाक्यात आहेत का, हे पाहावे. अनेक उत्पादक वर्षातून एकदा किंवा ठरावीक डाइव्हनंतर सर्व्हिसिंग सांगतात, काही दोन वर्षांची मुदत देतात. पुस्तिकेत जे असेल ते पाळावे. तंत्रज्ञाला सुरुवातीची ओढ किती सेंटीमीटरवर ठेवली ते विचारून लिहून घ्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी रेग्युलेटर ‘जड झाला’ ही भावना खरी आहे का ते तपासता येते.

जुना रेग्युलेटर मिळत असेल तर तोही वाईट पर्याय नाही, पण किमतीत पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च धरावा आणि त्या मॉडेलचे भाग अजून मिळतात याची खात्री करावी. झाकण काढून फर्स्ट स्टेजच्या तोंडावरील गाळणी पाहावी. ती हिरवट असेल तर आत खारे पाणी गेले आहे. तांबूस असेल तर गंजलेल्या पोलादी सिलिंडरची धूळ आली आहे. काळी असेल तर कॉम्प्रेसरच्या गाळणीतील कार्बन पुढे सरकला आहे. हिरव्या गाळणीचा रेग्युलेटर कितीही स्वस्त असला तरी तंत्रज्ञाने तो उघडून आतील पृष्ठभाग दाखवल्याशिवाय घेऊ नये.